बारा वर्षांच्या मनात काय चालते?



धर्मशिक्षणाच्या वर्गात पाचवी-सहावीची मुले बसतात, तेव्हा बाकांवरच्या जागा सारख्या बदललेल्या दिसतात. पहिल्या कम्युनियनच्या वेळी ज्या दोघी एकमेकींचा हात सोडत नव्हत्या, त्या आता दोन टोकांना बसतात. मध्येच कोणीतरी हळूच एक नाव घेते, वर्गात खसखस पिकते आणि एक चेहरा लाल होतो. आम्ही वर्ग घेणारे कधी दटावतो, कधी पाहिले न पाहिल्यासारखे करतो.

मुलींमध्ये साधारण ८ ते १३ आणि मुलांमध्ये ९ ते १४ या वयात शरीरातील बदल सुरू होतात. त्यामुळे एकाच वर्गातली मुले एकाच वेगाने वाढत नाहीत. एक मैत्रीण अजून लगोरीत रमते, दुसरी आरशापुढून हलत नाही. भांडण झालेले नसते, तरी मैत्री सैल होते. मागे राहिलेल्या मुलाला हे शब्दांत सांगता येत नाही, मग त्याचे पोट दुखते आणि शाळा बुडते. ‘दुसरा मित्र कर, त्यात काय एवढे!’ असे आपण सहज म्हणून जातो. पवित्र शास्त्राने मात्र मैत्रीला इतके हलके मानलेले नाही. दावीद आणि योनाथान यांची ताटातूट झाली तेव्हा ते दोघे गळ्यात पडून रडले, हे शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात (अध्याय २०) नोंदवून ठेवले आहे. ते तर लढवय्ये होते!

आता त्या लाल झालेल्या चेहऱ्याविषयी. एका मुलीने वर्ग सुटल्यावर मागे थांबून आम्हाला विचारले, ‘टीचर, कोणी आवडले तर ते कन्फेशनमध्ये सांगावे लागते का?’ प्रश्न ऐकून आम्हालाच वाईट वाटले. आवडणे हेच पाप, अशी तिची समजूत कुठून झाली असेल? १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षण ग्रंथात (परिच्छेद १७६७) स्पष्ट शिकवण आहे की, मनात उठणाऱ्या भावना मुळात चांगल्याही नसतात आणि वाईटही नसतात. आपली बुद्धी आणि इच्छा त्यांना कोणते वळण देतात, यावर ते ठरते. बाराव्या वर्षी कोणाकडे पाहून छाती धडधडली, तर शरीर-मन वाढते आहे एवढाच त्याचा अर्थ. त्यावर लगेच शाळा बदलण्याची किंवा घरात रडारड करण्याची गरज नाही. आणि ‘आमच्या बंड्याचं ठरलं बरं का!’ अशी पाहुण्यांसमोर थट्टा करण्याचीही नाही. रागावलेले मूल विसरते, पण थट्टा झालेले मूल पुन्हा काही सांगायला येत नाही.

हे आम्ही चुकून शिकलो. काही वर्षांपूर्वी एका मुलाच्या वहीत आम्हाला चिठ्ठी सापडली. त्यात वावगे काहीच नव्हते. आम्ही मात्र मिस्सा संपल्यावर फाटकाजवळ, चार माणसांत, त्याच्या आईला ती दाखवली. संध्याकाळपर्यंत सगळ्या वाडीला समजले. तो मुलगा वेदीसेवक होता. त्यानंतर तो वेदीवर आला नाही.

लूकच्या शुभवर्तमानातील येशूच्या बारा वर्षांच्या वयातला प्रसंग (२:४१-५२) आपल्या ओळखीचा आहे. पवित्र कुटुंबाच्या सणाला दर तीन वर्षांनी तो वाचला जातो. मुलगा सोबतच्या घोळक्यात, नात्यागोत्यातच असेल, असे धरून आईवडील एक दिवसाची वाट चालून गेले. आपणही असेच धरून चालतो. तीन दिवसांनी तो मंदिरात सापडला तेव्हा मरियेने आपली काळजी बोलून दाखवली, त्याला कारण विचारले. त्याचे उत्तर दोघांनाही कळले नाही. पण गावी परतल्यावर तिने याची चर्चा केल्याचे लूक सांगत नाही. तिने ते सारे अंतःकरणात ठेवले, एवढेच तो लिहितो.

एक गोष्ट मात्र मनात ठेवायची नाही. मोठ्या वयाची व्यक्ती आपल्या मुलाशी जवळीक करून ‘घरी सांगू नकोस’ म्हणत असेल, मग ती नात्यातली असो, शिकवणीची असो वा चर्चमधली, तर ते पहिले प्रेम नव्हे. तिथे गप्प बसू नये. मुलांना १०९८ हा क्रमांक पाठ असू द्यावा. तो चोवीस तास चालतो आणि त्याला पैसे पडत नाहीत.

या आठवड्यात रोझरीनंतर लूकमधला हा उतारा मुलांकडून वाचून घ्यावा. ‘येशूला हरवल्यासारखे वाटले असेल का?’ एवढेच विचारून थांबावे. कदाचित मूल लगेच बोलणार नाही. भांडी घासताना, नाहीतर स्कूटरवर मागे बसून, पाठीमागूनच बोलेल.

तो वेदीसेवक आता कॉलेजात आहे. मागच्या नाताळात आम्ही त्याला गाठून माफी मागितली. ‘इट्स ओके टीचर,’ तो म्हणाला आणि बाईकला किक मारली. त्याची आई सांगत होती, ती चिठ्ठी त्या दिवशी त्याने विहिरीत टाकली होती.