मंदिरात मांडलेली पंगत
शास्त्रपाठ : १ करिंथ ११:१७-३४

करिंथच्या मंडळीत काही जण आधीच जेवून घेत आणि गरीब उपाशी राहत. पौल म्हणतो, हे प्रभुभोजनच नव्हे. हा भाग शिकवताना मी न्यूयॉर्कच्या होली अपॉसल्स या एपिस्कोपल मंडळीचे उदाहरण देतो. १९८२ साली तिथे अन्नछत्र सुरू झाले. १९९० मध्ये मंदिराला आग लागली, तरी जेवण थांबले नाही. दुरुस्तीनंतर जुने बाक परत बसवलेच नाहीत. मोकळ्या जागेत टेबले मांडली. आठवडाभर भुकेले जेवायचे, रविवारी त्याच छताखाली प्रभुभोजन. आणि आलेल्याला कोणी काही विचारत नसे.

हे शेवटचे मला फार मोठे वाटते. आपल्याकडे काही ठिकाणी पाड्यावरच्या लोकांना आधी उपासनेला बसवतात, मग शिधा देतात. मला ते पटत नाही. भुकेला करिंथमध्येही मागेच राहत होता.

आषाढ-श्रावणात घरातले भात संपते, तेव्हा आपल्या चर्चला सोमवार ते शनिवार कुलूप असते. पुढच्या पास्टरेट कमिटीत किल्ली कोणाकडे असते, एवढे तरी विचारा.