रेशमाला पीळ देणारी नदी

कापसाचा तंतू जेमतेम दोन-तीन सेंटिमीटर लांब असतो. रेशमाच्या एका कोशातून मात्र सुमारे ६०० ते ९०० मीटर लांबीचा अखंड तंतू उलगडतो. म्हणजे हे रेशीम कापसासारखे कातावे लागत नाही. मग रेशमाच्या गिरणीत करतात तरी काय?

तेथे पीळ देतात. एकटा तंतू फार बारीक असतो. म्हणून काही तंतू एकत्र घेऊन पिळतात. अशा धाग्यावर ताण पडला की तंतू एकमेकांवर दाबले जातात. दाब वाढला की घर्षण वाढते आणि तंतू सुटे होत नाहीत. कापसाची वात आधी न पिळता व मग पिळून ओढून पाहा, म्हणजे घर्षणाचे हे काम हाताला कळेल.

यंत्रात धाग्याचे रीळ उभ्या चातीवर वेगाने फिरते आणि धागा वरच्या रिळावर सावकाश गुंडाळला जातो. चातीच्या एका फेऱ्याला एक पीळ बसतो. समजा, मिनिटाला ६०० फेरे झाले आणि १ मीटर धागा गुंडाळला गेला, तर दर सेंटिमीटरला ६ पीळ पडतील. येथे हवी ती फक्त एकसारखी चक्रगती. ती तर नदीही देऊ शकते!

इटलीत अशी पाण्यावर चालणारी यंत्रे कित्येक वर्षे होती. जॉन लोंब याने ती पाहून विद्या इंग्लंडात आणली. त्याचा सावत्र भाऊ टॉमस याने १७१८ मध्ये १४ वर्षांचे पेटंट घेतले. डर्बी गावी डरवेंट नदीकाठी १७२१ च्या सुमारास पाच मजली गिरणी उभी राहिली. पेटंटची मुदत संपल्यावर पार्लमेंटने ती वाढवली नाही. टॉमसला १४,००० पौंड दिले आणि यंत्राचे नमुने सर्वांसाठी ठेवून घेतले.

पण नदीला तुटलेला धागा जोडता येत नाही. ते काम मुलांकडे आले. विल्यम हटन १७३० मध्ये, सातव्या वर्षी, या गिरणीत लागला. यंत्रापर्यंत हात पोचेना, म्हणून त्याच्या पायांत उंच खडावा बांधल्या. पुढे तो इतिहासकार झाला आणि ही हकीकत त्याने स्वतःच लिहून ठेवली.

१९१० च्या आगीत गिरणीचा बराच भाग जळाला. मनोरा वाचला. २००१ पासून डरवेंट खोऱ्यातील गिरण्या जागतिक वारसा आहेत आणि २०२१ मध्ये डर्बीच्या गिरणीत नवे संग्रहालय उघडले. यंत्राचे कौतुक करताना त्या खडावाही लक्षात ठेवा.