फ्रेमवर्क कुणाला दाखवावं?

राहात्यात बसून जावास्क्रिप्टचं फ्रेमवर्क लिहिता येतं. त्यासाठी पुणं गाठावं लागत नाही. पण लिहिलेलं कुणापुढं ठेवायचं, हे कुणी शिकवत नाही. या वाटेवर आज जी मुलं आहेत त्यांच्यासाठी हे लिहितोय.

आमचं फ्रेमवर्क छोटं आहे. फॉर्म भरताना नेट गेलं तरी नोंद फोनमध्येच राहावी आणि रेंज आली की आपोआप सर्व्हरला जावी, एवढंच त्याचं काम. ही गरज इथलीच. दूध संकलन केंद्रावर पहाटे कॅनची रांग लागलेली असते, लिटर-फॅट-एसएनएफ टाकता टाकता रेंज जाते आणि भरलेला फॉर्म कोरा होतो. ब्राउझरमध्ये इंडेक्स्डडीबी नावाची साठवणीची सोय असतेच, पण ती थेट वापरणं किचकट. ते सोपं व्हावं म्हणून मी आणि दोन मित्रांनी हे रचलं आणि एमआयटी परवान्याखाली सर्वांना खुलं केलं.

सगळे करतात तेच आधी केलं. गिटहबवर टाकलं, इंग्रजीत ओळख लिहिली, जगभरच्या डेव्हलपरांना दाखवलं. भराभर स्टार मिळाले आणि आनंदही झाला. मागोमाग प्रश्न आले: टाइपस्क्रिप्ट का नाही? रिॲक्टपेक्षा वेग किती? सर्व्हरवर रेंडर होतं का? प्रश्न हुशारीचे होते, पण विचारणाऱ्यांपैकी कुणाचाही फॉर्म रेंजअभावी कोरा होत नव्हता. इथं सावध राहा. अशा लोकांच्या मागण्या पुरवत गेलात तर फ्रेमवर्क त्यांच्या आवडीनं फुगत जातं, ते लोक मात्र ते वापरत नाहीत, आणि ज्याला खरी गरज आहे त्याला ते जड होऊन बसतं.

विद्यार्थ्यांबद्दलही बोललं पाहिजे. लोणीला, कोपरगावला इंजिनिअरिंग कॉलेजं आहेत. मुलं उत्साहानं येतात. पण नोकरीच्या जाहिरातीत रिॲक्ट असतं, अँग्युलर असतं, आपलं नाव नसतं. शेवटच्या वर्षातल्या पोराला 'आमचंच शीक' म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. त्याला कोड वाचायला, बग शोधायला जरूर बोलवा. ते शिकलेलं कुठंही उपयोगी पडतं.

मग दाखवायचं कुणाला? व्ह्यू या जावास्क्रिप्ट फ्रेमवर्कचं उदाहरण मला मोलाचं वाटतं. इव्हान यू यांनी ते २०१४ मध्ये खुलं केलं. त्याला मोठा आधार मिळाला तो पीएचपीतल्या लॅराव्हेलवाल्यांचा. त्यांना रिॲक्टचा पसारा नको होता. आहे त्या पानात एक स्क्रिप्ट टॅग टाकून चालेल असं काहीतरी हवं होतं. २०१६ साली लॅराव्हेल ५.३ सोबत व्ह्यू आयतंच मिळू लागलं. आपल्या मुंबईत रुषभ मेहता यांच्या फ्रापे फ्रेमवर्कची वाटही अशीच. त्यात पायथॉनही आहे, पण सुरुवात झाली ती ईआरपीनेक्स्ट या धंद्याचा हिशेब ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरपासून. उद्योगांना ते सॉफ्टवेअर हवं होतं. ते बसवून, बदलून देणारे प्रोग्रामर मग त्याखालचं फ्रेमवर्क शिकले.

आमचा माणूस म्हणजे पतसंस्था, कृषी सेवा केंद्रं, शिर्डीतले लॉज यांना सॉफ्टवेअर करून देणारा, पीएचपी आणि जेक्वेरीवर संसार चालवणारा प्रोग्रामर. तो गिटहबवर फिरत नाही. त्याच्या दुकानात जावं लागतं, आणि दुपारीच. सकाळी त्याला गिऱ्हाइकांचे फोन असतात. गेल्यावर तांत्रिक शब्द सांगू नका. त्याच्याच फोनवर फॉर्म उघडा, एअरप्लेन मोड लावा, नोंद भरा, मोड काढा आणि नोंद सर्व्हरला पोचलेली दाखवा.

कोपरगावच्या अशाच एकानं हे पाहिलं आणि पहिलाच प्रश्न टाकला, "भाऊ, उद्या तुम्ही पुण्याला नोकरीला गेलात तर हे बघायचं कुणी?"

ज्याला खरंच वापरायचंय तोच असं विचारतो, आणि त्याची भीती रास्त असते. मार्च २०१६ मध्ये लेफ्ट-पॅड नावाचं अकरा ओळींचं पॅकेज लेखकानं एनपीएमवरून काढून घेतलं, तर जगभरचे प्रकल्प अडून पडले होते. म्हणून प्रसाराआधी याचं उत्तर तयार ठेवा. नवी आवृत्ती काढण्याचे अधिकार एकापेक्षा जास्त जणांकडे असू द्या. फाइल स्वतःच्या सर्व्हरवर ठेवायला सांगा. जुनी आवृत्ती कधीपर्यंत सांभाळणार, ते लिहून द्या. रीडमीच्या पहिल्या ओळीत हे कुणासाठी आहे ते येऊ द्या, आणि दुसऱ्या ओळीत कुणासाठी नाही तेही.

कोपरगावच्या त्या प्रोग्रामरनं आधी एकाच फॉर्मला लावून पाहिलं. अडचण आली की त्याचा स्क्रीनशॉट व्हॉट्सॲपवर येतो. त्याला गिटहबचं खातं उघडायला आम्ही सांगत नाही. इश्यू आम्हीच नोंदवतो आणि दुरुस्ती झाली की त्याला फोन करतो.