पणजीचे नाव

मुलांनो, राजेरजवाड्यांच्या वंशावळी तुम्ही इतिहासात वाचता. परंतु तुमच्या स्वतःच्या पणजीचे नाव तुम्हांस सांगता येईल काय? मला येत नव्हते.

तासगाव तालुक्यातील आमच्या गावी सुगी संपली, की बैलावर बसून हेळवी येत असे. घराण्यांच्या पिढ्या सांगत फिरणारे हे लोक सांगली-कोल्हापूरकडे आणि कर्नाटकात आढळतात. बैलाच्या गळ्यातील घंटा वाजताच आजी सुपात जोंधळे घेऊन ओसरीवर येई. मग हेळवी खड्या आवाजात सुरुवात करी : मूळ गाव कोणते, तेथून कोण निघाला, त्याला मुलगे किती. एकदा मी मध्येच विचारले, "बाबा, आमच्या पणजीचे नाव काय हो?"

हेळवी थांबला. त्याच्या पिढ्यांत बहुतेक पुरुषांचीच नावे होती. आजोबा माझ्या जन्मापूर्वीच वारलेले. आजीने तर सासूला पाहिलेही नव्हते. घरात तिला सारे नुसते 'थोरली' म्हणत.

मोठेपणी मी शोधास लागलो. पेटीत आजोबांचा शाळेचा दाखला सापडला. त्यावर 'तालुका तासगाव, जिल्हा सातारा' असे लिहिलेले! मला ती कारकुनाची चूक वाटली. पण चूक माझीच होती. १ ऑगस्ट १९४९ रोजी साताऱ्याचे तासगाव, खानापूर, वाळवे हे तालुके आणि सांगली, मिरज, जत इत्यादी संस्थानांचा मुलूख मिळून 'दक्षिण सातारा' जिल्हा झाला. त्याला 'सांगली' हे नाव १९६० च्या नोव्हेंबरात मिळाले. कचेरीतील जुन्या वह्यांवरही 'सातारा' असेच होते.

या वह्या फेरफारांच्या. जमिनीचा मालक वारला, की त्याच्या वारसांची नावे फेरफारात नोंदली जातात. अक्षर मोडी होते, म्हणून मोडी जाणणाऱ्या एका वृद्ध गृहस्थांना मी बरोबर नेले होते.

१९१८ साली मानमोडीची, म्हणजे इन्फ्लुएंझाची, भयंकर साथ आली. हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे दगावली. आमचे पणजोबा त्यांतच गेले. पुढच्या वर्षाच्या एका नोंदीवर त्या गृहस्थांचे बोट थांबले. जमीन माझ्या आजोबांच्या नावे चढली होती. त्या वेळी ते सात वर्षांचे होते, म्हणून पुढे लिहिले होते, 'अज्ञान, पालन करणार आई', आणि त्यापुढे आईचे नाव. (येथे 'अज्ञान' म्हणजे कायद्याने वयात न आलेला, मूर्ख नव्हे.)

अकरा वर्षांनी आणखी एक नोंद झालेली होती : मुलगा सज्ञान झाला, सबब आईचे नाव कमी केले. मी दोन्ही नोंदींतील क्षेत्र ताडून पाहिले. त्या अकरा वर्षांत विधवा बाईने एक गुंठाही विकला नव्हता.

पुढच्या सुगीस जुन्या हेळव्याचा मुलगा आला. मी त्याला नाव सांगितले. त्याने वही उघडली, पणजोबांच्या नावाशेजारी ते लिहिले, आणि आमच्या पिढ्या पुन्हा पहिल्यापासून म्हणावयास सुरुवात केली.