डांबराचे माप आणि रस्त्याचे आयुष्य

दिघा येथील कारखान्यांच्या आवारात वा गोदामांच्या दारात डांबरीकरणाची कामे पोटठेक्याने घेणाऱ्या बांधवांसाठी हा धडा आहे. पहिल्याच पावसाळ्यात खडी सुटली की बिल अडते आणि पुढचे काम हातचे जाते. मग "डांबर कमी पडले" असे म्हटले जाते. परंतु डांबर जास्त झाले तरीही रस्ता बिघडतो.

योग्य प्रमाण ठरविण्याची आपल्याकडील रूढ पद्धत म्हणजे मार्शल पद्धत. अमेरिकेतील मिसिसिपी राज्याच्या महामार्ग खात्यातील ब्रूस मार्शल यांनी ती १९३९ च्या सुमारास काढली. दुसऱ्या महायुद्धात तेथील लष्करी अभियंत्यांनी विमानांच्या धावपट्ट्यांसाठी ती सुधारली. डांबराचे प्रमाण थोडे थोडे वाढवीत मिश्रणाचे नमुने करतात, प्रत्येकावर दोन्ही बाजूंनी ७५ ठोके देतात आणि ६० अंश सेल्सियस तापमानाला दाबून पाहतात. केंद्रीय रस्ते मंत्रालयाच्या २०१३ च्या मानकांनुसार नेहमीच्या व्हीजी-३० डांबराच्या दाट मिश्रणाने किमान ९ किलोन्यूटन भार सोसावा, २ ते ४ मिलिमीटर दबावे आणि त्यात ३ ते ५ टक्के हवेची पोकळी असावी.

पुष्कळजण फक्त भाराचा आकडा पाहतात. आमच्या मते पोकळीकडे अधिक लक्ष हवे. ती फार कमी असली तर उन्हात डांबर वर येते व चाकोऱ्या पडतात. फार जास्त असली तर पाणी आत शिरून खडी सुटते.

मार्शलची उणीव अशी की हातोड्याचा ठोका म्हणजे चाकाचा दाब नव्हे. १९८७ ते १९९३ या काळातील अमेरिकी संशोधनातून आलेल्या सुपरपेव्ह पद्धतीत नमुना कलता फिरवीत मळल्यासारखा दाबतात आणि डांबरही तेथील हवामान व वाहतूक पाहून निवडतात. जड वाहतुकीच्या महामार्गाला ती अधिक योग्य होय. मात्र तिची यंत्रे महाग आहेत. लहान कामाला प्रामाणिकपणे केलेली मार्शल चाचणी पुरते.

म्हणून प्लांटकडून मंजूर मिश्रणाचा कागद मागून घ्यावा. खडीची खाण बदलली तर चाचणी पुन्हा करवावी. व्हीजी-३० चा माल १४० अंशांखाली गेला असेल तर पसरू नये आणि ९० अंशांच्या आत येण्यापूर्वी रोलर पुरा फिरवावा. ओल्या जमिनीवर काम करू नये.

माप पुरे भरा, ही आपल्या दीनची शिकवण आहे. ती तराजूइतकीच डांबरालाही लागू आहे.