कोचला आधी सरावाचं विचार

अगं मने, लेकाला शाळेच्या अमेरिकन फुटबॉल टीममध्ये घेतल्यापासून तुझा जीव थाऱ्यावर नाही, हे काल फोनवर तुझ्या आवाजावरूनच कळलं. माझ्या थोरल्यानेही इथे कॅलिफोर्नियात हायस्कूलभर हाच खेळ खेळलाय, म्हणून मोकळेपणाने सांगते.

'सगळ्यात महागातलं हेल्मेट घेऊन देते' म्हणालीस. घे, पण त्याच्या भरवशावर निर्धास्त राहू नकोस. कवटी फुटू न देणं हे हेल्मेटचं काम, आणि ते ते चोख करतं. धडक बसली की आतला मेंदू हिंदकळतो, ते मात्र कुठलंच हेल्मेट पुरतं थांबवू शकत नाही. व्हर्जिनिया टेक विद्यापीठ २०११ पासून हेल्मेटांना तारे देतं, ते बघून घे. पण त्याहून माप महत्त्वाचं. पुढची कड भुवयांच्या वर साधारण इंचभर हवी, गालाचे पॅड घट्ट टेकलेले हवेत, हनुवटीचा पट्टा पुरता लावलेला हवा. मग तोंडापुढची जाळी धरून डावी-उजवीकडे हलवून बघ. कपाळाची कातडी सोबत हलली तर नीट बसलंय. हेल्मेट एकटंच फिरलं तर सैल आहे. पोरगा केस कापून आला की पुन्हा तपास, तेच हेल्मेट डुगडुगायला लागतं.

खरी गोम आहे ती सरावात. आपण आया मॅचच्या दिवशी जीव मुठीत धरून बसतो, आणि आठवडाभर मैदानावर काय चालतं ते विचारतसुद्धा नाही. कॉलेजच्या खेळाडूंच्या हेल्मेटात सेन्सर बसवून मोजलं, तेव्हा डोक्यावरचे सुमारे दोन तृतीयांश धक्के सरावातले निघाले. मॅचमधली धडक कोणाच्या हातात नसते गं, सरावातली असते!

डार्टमथ कॉलेजचे कोच बडी टीव्हन्स यांनी २०१० मध्ये सरावात एकमेकांना पाडणंच बंद केलं. पोरं टॅकल, म्हणजे समोरच्याला पाडणं, गाद्यांवर शिकायची. पुढे तिथल्या इंजिनिअरिंगच्या मुलांनी पळणारा रोबो बनवला, त्याला पाडायची. टीम कच्ची राहील म्हणणारे पुष्कळ होते. २०१५ मध्ये त्याच टीमने आयव्ही लीग या कॉलेजांच्या स्पर्धेच्या विजेतेपदात वाटा मिळवला, आणि २०१६ मध्ये अख्ख्या लीगने हंगामातल्या सरावात टॅकल बंद केलं. मला हे फार मोठं वाटतं. खेळ न सोडता पोरांची डोकी जपता येतात, हे एका कोचने करून दाखवलं.

आपल्याकडे कॅलिफोर्नियात तर कायदाच आहे. २०१५ पासून हायस्कूलला आठवड्यात दोनच दिवस पूर्ण धडकेचा सराव, तोही दिवसाला दीड तासाच्या आत; ऑफ-सीझनला अजिबात नाही. तेव्हा कोचला सरळ विचार : कुठल्या दोन दिवशी? बाकीच्या दिवशी काय? 'फक्त थड करतो' म्हणाले तर मान डोलावून परत येऊ नकोस. थडमध्ये कोणी कोणाला खाली पाडत नाही, पण अंगावर येतात ते मॅचच्याच वेगाने.

हेल्मेटवर चढवायची ती मऊ टोपी, गार्डियन कॅप, व्यावसायिक खेळाडूंच्या एनएफएल लीगने २०२२ पासून ट्रेनिंग कॅम्पमध्ये काही खेळाडूंना सक्तीची केली आणि कन्कशन, म्हणजे मेंदूला बसणारा मार, घटल्याचं सांगितलं. विस्कॉन्सिनच्या हायस्कुलांत मात्र अभ्यास झाला, तेव्हा फरक दिसला नाही. शाळेने दिली तर घालू दे, पण ती आहे म्हणून सरावात जास्त धडका नकोत.

आणि लेकाशी बोल, बाबांसमोर नको, गाडीत दोघंच असताना. डोकं दुखलं, उजेड खुपला, गरगरलं, तर ही पोरं जागा जाईल म्हणून गप्प बसतात. त्याला सांग, कन्कशनचा संशय आला तरी त्या दिवशी परत मैदानात उतरायचं नाही, नंतरही डॉक्टरांच्या लेखी परवानगीशिवाय नाही, हा इथला कायदा आहे. कोचनाही तो मोडता येत नाही. त्याच्या जवळच्या मित्रालाही हे माहीत असू दे, कारण मैदानात याचं काही बिनसलं तर आधी त्यालाच दिसणार आहे.

कोचला आजच मेल टाक, आणि पाठवण्याआधी हवं तर मला दाखव.