एका मूळ संख्येची गोष्ट

बुद्धिबळाच्या पटावर धान्य मागणाऱ्याची कथा तुम्ही ऐकली असेल. पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, अशी दुप्पट करीत गेल्यास एकतिसाव्या घरापर्यंत एकूण २,१४,७४,८३,६४७ दाणे होतात. दोनाच्या एकतिसाव्या घातातून एक वजा केला, तरी हीच संख्या मिळते. ती मूळ संख्या आहे. म्हणजे एक आणि ती स्वतः यांखेरीज कोणत्याही संख्येने तिला निःशेष भाग जात नाही.

फ्रान्समधील मेर्सेन या धर्मोपदेशकाने १६४४ मध्ये अशा संख्यांची एक यादी दिली. तीत ही संख्या होती. परंतु सिद्धता नव्हती, आणि पुढे त्या यादीत चुकाही आढळल्या. सिद्धता दिली ती लिओनार्ड ऑयलर याने, १७७२ मध्ये. त्या वेळी तो पासष्ट वर्षांचा होता आणि त्याची दृष्टी जवळजवळ गेलेली होती.

त्याने हे कसे साधले, ते पाहण्यासारखे आहे. संख्येला विभाजक असतील, तर त्यांतील एक तरी तिच्या वर्गमुळाच्या आत सापडतोच. येथे वर्गमूळ ४६,३४० हून किंचित अधिक आहे. तेवढ्यातही साडेचार हजारांहून जास्त मूळ संख्या येतात. प्रत्येकीने भाग देत बसणे म्हणजे केवळ काबाडकष्ट! परंतु फर्माने एक नियम सांगून ठेवला होता. तो लहान उदाहरणावर समजून घ्या. दोनाच्या अकराव्या घातातून एक वजा केल्यास २०४७ उरतात, आणि २०४७ म्हणजे २३ गुणिले ८९. हे दोन्ही विभाजक २२ च्या पटीपेक्षा एकाने अधिक आहेत. २२ ही अकराची दुप्पट. त्याच न्यायाने आपल्या संख्येचा मूळ विभाजक ६२ च्या पटीपेक्षा एकाने अधिक असला पाहिजे. शिवाय त्याला आठाने भागल्यास बाकी एक किंवा सातच उरली पाहिजे. या दोन चाळण्यांतून शंभराहूनही कमी मूळ संख्या उरतात. त्यांपैकी एकीनेही भाग जात नाही.

या संख्येवरून एक परिपूर्ण संख्या तयार होते. सहा ही जशी आपल्या विभाजकांची, १, २ आणि ३ यांची, बेरीज असते तशी. ती एकोणीस अंकी आहे. १८११ मध्ये इंग्लंडच्या पीटर बार्लोने लिहिले की याहून मोठी परिपूर्ण संख्या कधी सापडणार नाही, कारण जिचा उपयोग नाही ती शोधण्याच्या भरीस कोण पडेल! १८७६ मध्ये ल्यूकासने दोनाचा १२७ वा घात उणे एक ही मूळ असल्याचे दाखवले, आणि तिच्यापासून बार्लोच्या संख्येहून कितीतरी मोठी परिपूर्ण संख्या मिळाली. २०२४ मध्ये सापडलेली मूळ संख्या तर ४,१०,२४,३२० अंकी आहे.

उपयोगाचे म्हणाल, तर संगणकात बत्तीस द्विमान अंकांच्या जागेत धन-ऋण पूर्णांक साठवताना मावणारी सर्वांत मोठी संख्या हीच. अनेक जुन्या प्रणाली १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद अशाच जागेत मोजतात. १९ जानेवारी २०३८ रोजी भारतात सकाळचे ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंद होतील, तेव्हा ती मोजणी २,१४,७४,८३,६४७ वर पोहोचेल. पुढच्याच सेकंदाला ती ऋण होईल आणि न बदललेली प्रणाली डिसेंबर १९०१ ची तारीख दाखवील.

पाठगत प्रश्न
१. ‘काबाडकष्ट’ हा शब्द लेखकाने कशासाठी योजला आहे?
२. दोनाच्या सातव्या घातातून एक वजा करा. येणारी संख्या मूळ आहे का, ते वर्गमुळाच्या साहाय्याने ठरवा.